भुवया वर, डोळे बंद

त्या सकाळी आईने चूळ भरली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळून गाऊनवर सांडलं. झोप नीट उतरली नसेल, असं म्हणत तिने पुन्हा घोट घेतला. पुन्हा तेच. मग तिने आरशात बघितलं आणि मुलाला हाक मारली. "नाना!" हे नीट आलं. त्यापुढचं "बघ रे इकडे" मात्र "फघ रे" असं आलं, आणि नाना दाढीचा फेस अर्ध्या गालावर तसाच ठेवून धावला.

नाना म्हणजे कोणी म्हातारा नव्हे. पस्तिशीतला माणूस. लहानपणी चष्मा लागला आणि तो लावून पोरगं इतकं गंभीरपणे घरभर हिंडायला लागलं, की वडिलांनी त्याला नाना म्हणायला सुरुवात केली. वडील गेले, नाव राहिलं. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तो खिडकीवर बसून लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायचा. दिवसभर लोक त्याच्यावर खेकसायचे आणि तो शांतपणे "नोंद झाली, पुढचे" म्हणायचा. घरी येईपर्यंत बोलायचं त्राणच उरत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

आईचं सगळं उलटं. बोलणं हाच तिचा धंदा. ती गाडी चालवायला शिकवायची. छोटी पांढरी गाडी, टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि तिच्या पायाशी एक जादा ब्रेक. अर्ध्या शहराला तिने क्लच सोडायला शिकवलं होतं आणि काचा बंद असल्या तरी तिचं ओरडणं पुढच्या चौकात ऐकू जायचं. तिच्या हाताखाली एकच माणूस शिकू शकला नाही, तो नाना. कॉलेजात असताना दोन-तीन दिवस शिकला, मग भर रस्त्यात गाडी बंद केली, किल्ली आईच्या हातात दिली आणि बसने घरी आला. त्यानंतर हा विषय दोघांनीही काढला नव्हता.

डॉक्टरांनी आधी हात वर करायला लावले, चालायला लावलं, टॉर्च मारून डोळे बघितले आणि म्हणाले, "घाबरू नका, मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. डावी बाजू काही दिवस तुमचं ऐकणार नाही. गोळ्या घ्या, डोळ्यांत थेंब घाला, चेहऱ्याचे व्यायाम करा. बहुतेकांचं बरं होतं."

"किती दिवसांत?" आईने विचारलं.

"काहींचं आठवड्यांत, काहींचं महिन्यांत."

"आणि फाकीच्यांचं?"

डॉक्टरांना ते कळलं नाही. "बाकीच्यांचं, असं विचारतेय ती," नाना म्हणाला. डॉक्टर औषधं लिहायला लागले.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायच्या. तरुण होत्या, बोलायला गोड, पण ऐकवायच्या स्पष्ट. आईने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव व्यायामबाई ठेवलं. त्यांनी गालावरून बोटं कशी फिरवायची ते दाखवलं आणि म्हणाल्या, "आणि रोज फोटो काढा. चेहरा शांत, भुवया वर, डोळे बंद, दात दाखवून, गाल फुगवून. एकाच जागेवरून, एकाच उजेडात. आरशात रोज बघून काही समजत नाही, उलट जीव खालीवर होतो. फोटो शेजारी-शेजारी लावले की फरक दिसतो."

"कॅमेरा आहे की याच्याकडे," आई म्हणाली. "धूळ खातोय."

धूळ खात होता हे काही अगदीच खोटं नव्हतं. नानाने वर्षभरापूर्वी लेन्स बदलता येणारा एक छोटा मिररलेस कॅमेरा घेतला होता. डब्यात त्याच्यासोबत दोन लेन्स आल्या होत्या. एक बुटकी, कॅमेरा चालू केला की कासवाने मान बाहेर काढावी तशी घुर्र करून बाहेर येणारी, आणि एक लांबोडकी. सुरुवातीला तो दर रविवारी सकाळी निघायचा. बसथांब्यावर ताटकळणारी माणसं, दोरीवरचे कपडे, दुकानाची शटर वर ढकलणारे हात. फोटो हौशी लोकांच्या एका ग्रुपवर टाकायचा. तिथले जाणकार म्हणायचे, "कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर आणखी काय येणार? चांगली लेन्स घे." त्यालाही ते फोटो कशात तरी कमी वाटायचे, पण कशात ते सांगता यायचं नाही. हळूहळू रविवारची झोप लांबत गेली.

आता तो कॅमेरा रोज बाहेर निघू लागला, पण बसथांब्यासाठी नव्हे. आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून तो समोर उभा राहायचा आणि कार्यालयातल्या आवाजात म्हणायचा, "चेहरा शांत. भुवया वर. डोळे बंद. दात. गाल. झालं."

डावी भुवई जागची हलायची नाही. डावा डोळा अर्धवट उघडा राहायचा आणि बुबुळ वर सरकून पांढरी फट दिसायची. गाल फुगवला की हवा फुस्सकन निघून जायची. पहिल्या दिवशी आईला त्या आवाजाचं हसू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही.

फोटो बघून मात्र ती भडकली. "हे नाक माझं? हे तर कोणातरी फैलवानाचं नाक आहे!"

नानाला कारण माहीत नव्हतं. ते नंतर कळलं. ती बुटकी लेन्स कॅमेरा बंद केला की आत जायची आणि पुन्हा चालू केला की आपली सगळ्यात रुंद जागा पकडून बसायची. कधी तो झूम करायचा, कधी विसरायचा. विसरला की चेहरा भरायला जवळ जावं लागायचं, आणि जवळून नाक सुजायचं, कान पळून जायचे. रंगांचीही तीच गत. ढग आले की आई निळसर, दिवा लावला की पिवळी.

व्यायामबाईंनी फोटो बघितले, पुढे-मागे सरकवले आणि मान हलवली. "यातून मला काही सांगता येणार नाही. हा वेगळ्या अंतरावरून, हा वेगळ्या उजेडात. यात सुधारणा वाटतेय, पण तुम्ही मान फिरवली आहे."

"म्हणजे सगळे वाया?" नाना म्हणाला.

"पुन्हा सुरू करा. पण नीट."

त्या 'नीट'ने नानाचं डोकं फिरलं. घरी येऊन त्याने खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावली. कॅमेऱ्यासाठी स्टँड आणला, त्याच्या पायांच्याही खुणा केल्या. झूम पूर्ण पुढे, मध्येच कुठे थांबायचं नाही, म्हणजे दर वेळी तेवढंच. रंग ठरवण्याचं काम कॅमेऱ्याकडून काढून घेतलं, रंगाचं सेटिंग एकच ठेवलं. वेळ ठरवली, कार्यालयात जायच्या आधी, ऊन समोरच्या भिंतीवर येतं तेव्हा. आता चूक व्हायला जागाच नाही, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी उठून बघतो तर चिकटपट्ट्या गायब. आईने फरशी पुसली होती.

"अगं, त्या खुणा होत्या!"

"घाण दिसत होती."

"आई, मी तास घालवला त्यात."

"मग मी काय चिकटफट्टीच्या घरात राहू? माझ्याकडे लोक गाडीची चौकशी करायला येतात."

पुन्हा पट्ट्या लागल्या. पुन्हा भुवया वर, डोळे बंद. रात्री संगणकावर फोटो शेजारी-शेजारी लावून नाना बघत बसायचा आणि त्याला काही म्हणजे काही फरक दिसायचा नाही. दुसऱ्या शहरातून धाकट्या बहिणीचा फोन यायचा. "नाना, पाठव ना रे फोटो." तो पाठवायचा. मग ती म्हणायची, "मला तर सारखेच दिसतायत. तू नीट काढतोयस ना?"

"तू ये आणि काढ," असं म्हणून तो फोन ठेवायचा.

तिकडे आईचा धंदा अडला होता. प आणि ब ही अक्षरं ओठ घट्ट मिटल्याशिवाय येत नाहीत, आणि तिचे ओठ घट्ट मिटत नव्हते. 'म' कसाबसा निघायचा, पण 'प'चा 'फ' आणि 'ब'चा कधी 'फ', कधी 'व' व्हायचा. गाडी शिकवणाऱ्या बाईला 'ब्रेक' म्हणता येत नाही म्हणजे काय, हे तिचं तिलाच ठाऊक. ती ओरडायची "फ्रेक!" आणि शिकणारा मान वळवून विचारायचा, "काय म्हणालात?" तोवर तिला स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबावा लागायचा आणि दोघांची डोकी पुढच्या काचेकडे जायची. गालाला बोटाने वर धरलं की 'ब' बरा यायचा, पण एक हात सतत गालाला लावून गाडी शिकवणार कशी? काही शिकाऊ लोकांनी निरोप पाठवले, तुम्ही बऱ्या व्हा, मग बघू. दोघे-तिघे दुसरीकडे गेले. घरात भांडी जरा जोरात आपटली जायला लागली.

अशातच नानाला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक नवी सोय सापडली. समोरचा माणूस हसला की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. त्याला वाटलं, झकास. बटण दाबताना स्टँड हलतो, तो त्रास गेला. शिवाय आईला सारखं "दात दाखव" म्हणायला नको.

"हस," तो म्हणाला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

आई हसली. कॅमेरा गप्प.

"हस ना."

"हसतेय की."

"जरा मोठं."

तिने सगळा जोर लावला. उजवा गाल वर गेला, उजवा डोळा बारीक झाला, मानेची शीर ताठली. डावी बाजू जशीच्या तशी. कॅमेरा गप्प. नानाला वाटलं, सेटिंग चुकलं. तो खुर्चीशेजारी जाऊन वाकला आणि कॅमेऱ्याकडे बघून नुसतं 'ई' केलं. दातओठ खाल्ल्यासारखं, हसू म्हणावं असं त्यात काही नव्हतं. खटकन फोटो निघाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे यंत्र ठीक आहे."

"तसं नाही गं, ते काय आहे, त्याला..."

"फंद कर ते."

नानाने ती सोय बंद केली, पण त्याला स्वतःचाच राग आला होता, आणि तो राग कुठेतरी निघायला हवा होता. "बरं, मग साध्या पद्धतीने. चेहरा शांत. भुवया वर."

आई हलली नाही.

"आई, मला उशीर होतोय. भुवया वर."

"नाना, तू दिवसभरात माझ्याशी चारच वाक्यं बोलतोस," ती सावकाश, एकेक शब्द गोळा करत म्हणाली. "आणि ती चारही माझ्या तोंडावद्दल. माझ्याकडे वघतसुद्धा नाहीस. त्या कॅमेऱ्याकडे वघतोस."

"मग काय करू? मला काय हौस आहे का, रोज सकाळी उठून तुझ्या वाकड्या तोंडाचे फोटो काढायची?"

शब्द निसटले आणि निसटता निसटताच ते काय आहेत हे त्याला कळलं. आतापर्यंत घरात कोणीही 'वाकडं' हा शब्द उच्चारला नव्हता. डॉक्टर 'डावी बाजू' म्हणायचे, बहीण 'तो त्रास' म्हणायची. आई उठली, खुर्ची पट्ट्यांच्या बाहेर ढकलून आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. नाना कार्यालयात गेला आणि दिवसभर लोकांच्या नळाला पाणी नाही हे लिहीत राहिला. कोणाच्या तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी त्याने माफी मागायचं ठरवलं होतं. आईने संधीच दिली नाही. ताट वाढलं आणि म्हणाली, "उद्या रविवार. सकाळी माझ्यासोवत चल."

"कुठे?"

"गाडीत. मागे वस. मी खूण केली की माझ्याऐवजी ओरड. एक तरी शिकणारा टिकवायला हवा."

तो शिकणारा म्हणजे एक शिंपी होता. पन्नाशीचा, सडपातळ, मिशा बारीक कापलेल्या. लेकीचं बाळंतपण काही महिन्यांवर आलं होतं, तिला दवाखान्यात आपणच गाडीने न्यायचं असं त्याने मनात घेतलं होतं. गाडीत बसताना त्याने स्टिअरिंगकडे असं बघितलं, जसं काही ते चावेल.

"हा माझा मुलगा," आई म्हणाली.

"तुम्हीसुद्धा शिकवता का?" शिंप्याने आदराने विचारलं.

"मला येत नाही," नाना म्हणाला. शिंप्याने सीटबेल्ट ओढून घेतला.

गाडी निघाली. मोकळा रस्ता होता, दोन्ही बाजूंना बंद गोदामं. वळण आलं, आईने मागे न बघता बोट उचललं.

"ब्रेक," नाना म्हणाला.

काहीच झालं नाही. आईने स्वतःचा ब्रेक दाबला, तिघेही पुढे फेकले गेले. ती मागे वळली. "तक्रार नोंदवतोयस का? ओरड!"

पुढच्या वेळी तो ओरडला. पण आईचं बोट उठणार, ते त्याला दिसणार, मग तो तोंड उघडणार, तोवर गाडी रस्ताच ओलांडून जायची. तो घाईघाईने आधीच ओरडू लागला, तर आई म्हणे, "आत्ता नाही!" क्लच म्हणायचं तिथे त्याच्या तोंडून गिअर जायचं. शिंपी एकदा पुढे बघायचा, एकदा बाजूला, एकदा आरशातून मागे. अखेर एका चढावर गाडी आचके देत बंद पडली, मागे घसरायला लागली, नाना जीव खाऊन किंचाळला, "ब्रेक! ब्रेक! अहो काका, ब्रेक!" आणि आईने ती थांबवली.

शिंप्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मॅडम, एक सांगू? आधी तुम्ही ओरडायचात तेव्हा माझी पाचावर धारण बसायची. आता दोघं ओरडताय. मला घरी जाऊ द्या."

नानाने खिडकीबाहेर तोंड केलं. त्याला त्या माणसाची भीती पुरेपूर कळत होती. असाच एक चढ होता, आणि तिथेच त्याने किल्ली आईच्या हातात दिली होती.

आईने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं, नानाला गप्प राहायला सांगितलं. शिंप्याचा हात उचलून गिअरवर ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. त्याच्या गुडघ्यावर दोन बोटांनी टिचकी मारली, म्हणजे क्लच. समोरच्या डॅशबोर्डवर तळहाताने थाप, म्हणजे ब्रेक. हवेत हात सावकाश उचलला, म्हणजे हळूहळू सोड. शिंप्याने मान डोलावली. त्याला हे कळत होतं. कापड कापताना मशीनवर बसलेल्या माणसाशी तो असाच बोलत असावा.

गाडी चढली. पुन्हा उतरवून पुन्हा चढवली. गाडीत कोणी एक शब्द बोलत नव्हतं, फक्त टिचकी आणि थाप. शेवटी शिंप्याने गाडी त्याच्या दुकानासमोर आणून उभी केली, जरा तिरकी, आणि उतरून दोघांना नमस्कार केला.

परत येताना आई चालवत होती. नाना पुढे येऊन बसला. "मला तेव्हा असं शिकवलं असतंस तर..." तो म्हणाला आणि थांबला.

"तेव्हा माझं तोंड चालत होतं ना," आई म्हणाली.

जरा पुढे गेल्यावर तो म्हणाला, "कालचं, आई... मी तसं बोलायला नको होतं."

"वाकडं आहे तर वाकडंच म्हणणार. फण फुन्हा म्हणालास तर उतरवीन गाडीतून." ती समोर बघतच बोलली, आणि तो तेवढ्यावर सुटला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं काही नाही. चिकटपट्टी आईच्या डोळ्यांत सलायचीच. नानाचा फोटो कधी हलायचा, कधी कॅमेऱ्याची बॅटरी ऐन वेळी मान टाकायची आणि तो स्वतःशीच बडबडायचा. पण हुकूम सोडणं त्याने बंद केलं. स्टँडमागे उभा राहून तो स्वतः भुवया वर करायचा, डोळे मिटायचा, गाल फुगवायचा, आणि आई समोरून तसंच करायचा प्रयत्न करायची. स्वतःचे डोळे मिटून बटण दाबायचं म्हणजे नेमकं काय निघतंय ते कळायचं नाही, म्हणून एकेक फोटो तीन-तीनदा काढावा लागायचा. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी एकदा खिडकीतून हे बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

आठवडे गेले. फोटो सारखेच. कधी कधी संगणकासमोर बसून नानाला वाटायचं, आपण एकच फोटो पुन्हा पुन्हा काढतोय. आईही कंटाळली होती. "सोड आता," ती म्हणायची. "असंच राहणार हे." तो म्हणायचा, "उद्या सोडू." दोघंही चिडलेले असायचे, पण सकाळी खुर्ची पट्ट्यांत येऊन बसायची.

मग एकदा त्याला ओठाचा डावा कोपरा वर उचलल्यासारखा दिसला. केसभर. त्याने आधीचा फोटो शेजारी लावला, मोठा केला, पुन्हा लहान केला. उजेड तोच होता. अंतर तेच. मान सरळ. तरी त्याने आईला सांगितलं नाही, पहिल्या फोटोंच्या वेळी एकदा तोंडघशी पडून झालं होतं. व्यायामबाईंकडे नेऊन दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हो. आलीय हालचाल." मग आईकडे वळून, "तुम्हाला जाणवलं नाही?"

"मला काय जाणवणार?" आई म्हणाली. "मी तर आशा सोडून वसले होते."

पुढे सुधारणा भराभर झाली. पाणी गळायचं थांबलं, डोळा मिटायला लागला, आणि एका दुपारी रस्त्यावर आडव्या आलेल्या सायकलवाल्यावर आई 'बाजूला हो!' असं इतक्या स्वच्छ 'ब'ने ओरडली, की शिंप्याने दचकून गाडीच बंद केली. बहिणीला फोनवर हे सांगताना आईने तो शब्द चार वेळा म्हणून दाखवला. सगळं मात्र परत आलं नाही. आई हसली की डावा डोळा आपोआप अर्धा मिटायचा, जसं काही ती कोणाला डोळा मारतेय. "काही जणांचं असं राहतं," व्यायामबाई म्हणाल्या. "नस पुन्हा जुळताना वाट चुकते." त्या दिवसापासून अनोळखी लोकांसमोर हसताना आईचा हात तोंडाकडे जायला लागला.

शेवटच्या भेटीत व्यायामबाईंनी एक विनंती केली. "तुमचे फोटो मला द्याल का? फार व्यवस्थित आहेत. नवीन पेशंट रडत येतात, त्यांना दाखवता येतील. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

नानाची छाती फुगली. वर्षभरात त्याच्या फोटोंना कोणी व्यवस्थित म्हटलं नव्हतं. तो "हो" म्हणणार तोच आई म्हणाली, "नाही."

"आई, नाव नाही टाकणार त्या."

"चेहरा टाकणार ना? मग नाही."

गाडीत बसल्यावर त्याला राहवलं नाही. "इतके महिने मी राबलो. कामावर उशिरा गेलो, साहेबांची बोलणी खाल्ली. एक रविवार मला मिळाला नाही. आता कोणाला तरी ते फोटो हवेत, तर तू एका शब्दात मोकळी! माझ्या मेहनतीचं काहीच नाही का?"

"मेहनत तुझी. तोंड माझं."

"मग करायचं काय त्यांचं? लोणचं घालू?"

"तुझ्याजवळ असू देत. पहिल्या दिवसानंतर मी तरी बघितले का कधी ते? नाही ना. मग परक्या माणसांनी का बघावेत, मी नसताना?"

यावर तो आणखीच चिडला. घरी येऊन त्याने स्टँड दुमडून कपाटावर फेकला. जमिनीवरच्या पट्ट्या आईने काढायच्या आधी आपणच ओरबाडून काढल्या. दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी आईने त्याला कार्यालयात फोन केला, जे ती कधी करत नसे. "सुट्टी झाली की दवाखान्यात ये. कॅमेरा नको आणूस."

तो पोचला तेव्हा व्यायामबाईंच्या खोलीबाहेर बाकावर एक तरुण हातात मोबाइल धरून बसला होता. आत आई होती. तिच्यासमोर एक पंचविशीतली मुलगी, तोंडावरून ओढणी घेतलेली, डोळे रडून लाल. आईने व्यायामबाईंना सांगितलं होतं, फोटो नाही मिळणार, पण कोणी नवीन आलं की मला बोलवा, मी स्वतः येऊन बसते.

"बघ माझ्याकडे," आई त्या मुलीला म्हणत होती. "नीट बघ, लाजू नकोस. हे असं राहिलंय." आणि ती हसली. हात तोंडाकडे गेला नाही. डावा डोळा अर्धा मिटला. मुलगी बघत राहिली. "बाकी सगळं आलं. पाणी पिते, ओरडते, भांडते. हा उभा आहे ना दारात, विचार त्याला."

"भांडते," नाना म्हणाला.

मुलीच्या ओढणीआडून काहीतरी आवाज आला. रडू होतं की हसू, कळलं नाही. आई नानाकडे वळली. "बाहेर हिचा नवरा बसलाय. फोटो काढतोय मोबाइलवर, पण एकही धड नाही. बाई चिडल्यात त्याच्यावर. जरा सांग त्याला."

नाना बाहेर आला. नवऱ्याने हताशपणे मोबाइल पुढे केला. एका फोटोत दिवा डोक्यावर, एकात बायको अंधारात, एकात अर्धं कपाळच कापलेलं.

"एवढे काढतोय," तो म्हणाला, "पण सगळे वेगळेच येतात. आणि ती म्हणते, तू माझ्याकडे बघतच नाहीस."

नाना त्याच्या शेजारी बसला. "घरात खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"दोन आहेत. एक स्वयंपाकघरात."

"दुसरी? सकाळी ऊन थेट येतं की भिंतीवरून?"

"बघितलं नाही."

"बघा. खुर्ची कशी आहे, चाकांची?"

"चाकांची."

"ती नको. पायांची घ्या, आणि खाली पट्टी... नाही, पट्टी नका लावू. आधी तिला विचारा, पट्टी लावलेली चालेल का."

"पट्टी कसली?"

नानाने सांगितलं. नवऱ्याने ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, "म्हणजे मोबाइल मी हातातच धरायचा ना?"

"नाही, आत्ताच म्हणालो ना, हातात नाही! टेबलावर, पुस्तकांना टेकवून. दर वेळी तीच पुस्तकं."

"कुठली पुस्तकं?"

"कुठलीही! फक्त तीच!"

"हळू बोल रे," आतून आईचा आवाज आला. "घाबरेल तो."

नवरा खरंच जरा बावरला होता. नानाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.